वडिलांनी हरलेला मुखवटा

तोरेओनमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजले की गावाकडं सकाळचे नऊ झालेले असतात. जेवण उरकून मी फोन लावतो, तेव्हा चुलतभाऊ दुकानाचं शटर वर करत असतो. 2025 च्या डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या आणि महिनाभर आमच्या फोनवर दुसरा विषयच नव्हता. कुणाच्या बायकोला तिकीट मिळालं, कुणाचा पोरगा नगराध्यक्षपदाला उभा राहिला, एकाच घरातले तिघं तीन प्रभागांतून कसे. भाऊ पेटलेला होता. "आम्ही जन्मभर सतरंज्याच उचलायच्या का?" हा त्याचा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याचा आहे, आणि तो शंभर टक्के खरा आहे. त्यानं काढलेलं औषध मात्र मला पटलं नाही. त्याचं म्हणणं, पुढाऱ्याच्या पोरानं राजकारणात यायचंच नाही, बापाच्या नावावर मत मागायला कायद्यानंच बंदी घाला.

मी त्याला म्हणालो, मी राहतो त्या मुलखातल्या कुस्तीत बापाचं नाव लावण्यालाच किंमत आहे, आणि तरीही लोकांच्या तोंडून घराणेशाहीची तक्रार मी क्वचितच ऐकली. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

तोरेओन हे मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या कोआविला राज्यातलं शहर. शेजारी गोमेस पालासियो आणि लेर्दो. या तिन्ही गावांचा मिळून जो पट्टा होतो त्याला ला लागूना म्हणतात. नावात तळं आहे, पण आहे सगळं वाळवंट. नासास नदी वर धरणांत अडवलेली, त्यामुळं तोरेओन आणि गोमेस पालासियोच्या मधलं तिचं पात्र बहुतेक वेळ कोरडं असतं. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला त्या पुलावरून पहिल्यांदा जाताना पोटात कसंतरी होतं. 2014 साली गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून मी इथल्या गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात आलो. भाषा येत नव्हती. पहिल्या आठवड्यात मला समजलेली एकमेव गोष्ट म्हणजे गेटवरच्या रखवालदाराच्या टपरीत खिळ्याला टांगलेला पांढरा मुखवटा. डोळ्यांभोवती काळी नक्षी, मागच्या बाजूला बुटासारखी नाडी. मी बोट दाखवलं. तो उठून उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टर वॅग्नर. इथलाच."

कुस्ती ही गोष्ट मला समजावून सांगायला लागत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, तालमीतले. त्यांचे फोड आलेले, मुडपलेले कान बघतच मी मोठा झालो. पण इथली लुचा लिब्रे म्हणजे आपली कुस्ती नव्हे, हे आधी स्पष्ट सांगतो. 1933 मध्ये साल्वादोर लुत्तेरोत नावाच्या माणसानं मेक्सिको सिटीत या खेळाची कंपनी काढली आणि तेव्हापासून ती रिंगणात, दोरांच्या आत, जुन्या रिवाजात तीनपैकी दोन डाव जिंकण्याच्या बोलीवर चालते. एक बाजू सरळ खेळणारी, तिला तेक्निको म्हणतात. दुसरी आडदांड, ती रुदो. उड्या, पटकण्या, मार सगळा खरा, पण निकाल आधी ठरलेला. गावाकडच्या तालमीत मी हे सांगितलं तेव्हा एकच शब्द आला, "नूरा कुस्ती." आणि विषय संपला.

तालमीतल्या माणसाला नूरा कुस्तीची चीड असणारच. आत एक आणि बाहेर एक, पैसे घेऊन पाठ टेकायची आणि लोकांना खरं म्हणून दाखवायचं, याच्याएवढं पाप मातीत दुसरं नाही. इथं मात्र कुणी कुणाला फसवत नाही. निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षकांतल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. तरी ती रडते. ती का रडते हे समजायला मला तीन वर्षं लागली.

मुखवट्याची सुरुवात 1934 च्या सुमारास झाली. लेओन गावच्या आंतोनियो मार्तिनेस नावाच्या चांभारानं एका पैलवानाच्या मागणीवरून पहिला मुखवटा शिवला, म्हणूनच ती बुटासारखी नाडी. पुढं त्या कापडाला देव्हाऱ्याची किंमत आली. समोरच्याचा मुखवटा ओढून काढला तर खेळाडू बाद होतो. या खेळाचा सगळ्यात मोठा माणूस एल सांतो, चाळीस वर्षं रुपेरी मुखवट्यात वावरला, 1984 च्या जानेवारीत टीव्हीवर त्यानं तो क्षणभर वर सरकवला, आणि थोड्याच दिवसांत तो गेला. मुखवट्यासकटच त्याला पुरलं.

असा मुखवटा कायमचा जातो तो एकाच प्रकारे. पैज लावून. दोघं आपापला मुखवटा पणाला लावतात, लढत आधी जाहीर होते, आणि जो हरेल त्यानं भर रिंगणात नाडी सोडून तोंड दाखवायचं. नुसतं तोंड नाही. स्वतःचं खरं नाव सांगायचं, गाव सांगायचं, किती वर्षं कुस्ती केली ते सांगायचं. त्यानंतर तो मुखवटा पुन्हा डोक्यावर चढवता येत नाही.

आता वॅग्नर घराणं. थोरला डॉक्टर वॅग्नर म्हणजे मानुएल गोन्सालेस रिव्हेरा, तोरेओनचा. डॉक्टरासारखा आपादमस्तक पांढरा वेश, आणि खेळ मात्र रुदो. आंखेल ब्लांको नावाच्या पांढऱ्याच मुखवट्यातल्या जोडीदाराबरोबर त्यानं जी जोडी बांधली, तिला लोक पांढरी लाट म्हणायचे. त्यात पुढं एल सोलितारिओ आला, मग भांडणं झाली, तो फुटला. 1 डिसेंबर 1985 रोजी मॉन्तेर्रेला त्याच सोलितारिओनं थोरल्या वॅग्नरचा मुखवटा उतरवला. पाच महिन्यांत, 1986 च्या एप्रिलात, पैलवानांना घेऊन मॉन्तेर्रेला निघालेली गाडी उलटली. आंखेल ब्लांको जागच्या जागी गेला. वॅग्नरच्या मणक्याला असा मार बसला की तो पुन्हा रिंगणात उतरला नाही.

त्या घरातला पोरगा, हुआन मानुएल गोन्सालेस बार्रोन, 1965 च्या ऑगस्टचा जन्म, त्या वेळी विशीत होता. त्यानं सुरुवात बापाच्या नावानं केली नाही. आधी एल इन्वासोर, म्हणजे आक्रमक, या नावानं तो खेळला. मग थोड्याच दिवसांत तो डॉक्टर वॅग्नर ज्युनिअर झाला आणि त्यानं पांढरा मुखवटा चढवला.

आमचा भाऊ जे विसरतो ते इथं आहे. त्या पोरानं बापाचा जिंकलेला वारसा उचलला नव्हता. बाप ज्या मुखवट्यासकट हरला होता, जो उतरवून त्यानं हजारो लोकांसमोर तोंड दाखवलं होतं, तोच त्यानं घातला. आल्या आल्या लोकांनी विचारलं असणारच, हा कोण, आणि याच्या बापाचं काय झालं आम्हाला माहीत आहे. अशा नावाखाली उभं राहायला छाती लागते. सहकारी साखर कारखान्याची चालू गाडी हातात देऊन पोराला खुर्चीत बसवण्याशी याची तुलनाच होत नाही.

पुढची तीस वर्षं त्यानं ते नाव ओढलं. मेक्सिको सिटीच्या अरेना मेक्सिकोत तो मोठा झाला, जपानच्या मोठ्या कंपनीत जाऊन 1999 मध्ये केंडो काशिनबरोबर जोडीचा किताब जिंकला. 2009 च्या जूनमध्ये ट्रिपलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मैदानात त्यानं एल मेसियासला हरवून एएए या कंपनीचा मुख्य पट्टा घेतला, 2011 ला तिथंच अमेरिकेच्या रॉब व्हॅन डॅमला लोळवलं. रुदो असूनही लोक त्याच्यासाठी वेडे झाले. त्याची लढत असली की आमच्या कारखान्यातली रात्रपाळीची पोरं दुपारच्या पाळीवाल्यांशी अदलाबदल करायची. अर्ज माझ्याकडंच यायचे. कारणाच्या रकान्यात एकानं सरळ 'वॅग्नर' असं लिहिलं होतं. मी सही केली.

26 ऑगस्ट 2017. ट्रिपलमेनियाची पंचविसावी खेप, मेक्सिको सिटीत. वॅग्नर ज्युनिअर बावन्न वर्षांचा. समोर सायको क्लाऊन, विदूषकाच्या भेसूर मुखवट्यातला, तोही घराण्यातलाच. आल्वारादो घराणं. त्याचा बाप ब्राझो दे प्लाता, आजोबाही पैलवान. त्याच्या बापानं आणि काकांनी 1988 मध्ये मॉन्तेर्रेला स्वतःचे मुखवटे गमावलेले, तेही दुसऱ्या एका घराण्यातल्या भावांसमोर. म्हणजे रिंगणात त्या रात्री दोन मुखवटे नव्हते. तीन पिढ्यांच्या हारी आणि जिती समोरासमोर उभ्या होत्या.

रखवालदाराच्या घरी आम्ही नऊ-दहा जण टीव्हीसमोर बसलो होतो. मधोमध टेबलावर गोर्दिता, आपल्या जाड भाकरीत सारण भरावं तशा. पहिली दहा मिनिटं खाणं चालू होतं. मग मुखवटे फाटले, दोघांच्याही कपाळातून रक्त निघालं, आणि हात थांबले. शेवटी वॅग्नरची पाठ टेकली. पंचानं तिसऱ्यांदा हात आपटला आणि खोलीत एक शब्द निघाला नाही. घरातली आजी, ऐंशीच्या घरातली, तिनं थोरल्या वॅग्नरला तरुणपणी पाहिलेलं. तिनं पदरासारखी शाल तोंडाला लावली.

मग नाडी सुटली. रक्तानं भरलेला एक साधा, थकलेला, पन्नाशीतला चेहरा. आमच्या कारखान्यातला कुठलाही फोरमन असावा असा. त्यानं नाव सांगितलं. गाव सांगितलं, तोरेओन. त्यासरशी खोलीतली सगळी माणसं उभी राहिली. मीही उभा राहिलो. हरलेल्या माणसासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो होतो.

निकाल ठरलेला होता की, असं भाऊ म्हणेल. होता. पण ठरवताना त्यानं होकार दिला होता. त्याबद्दल मोठी रक्कमही मिळते, तेही लपलेलं नाही. तरी बापाकडून आलेलं, तीस वर्षं सांभाळलेलं तोंड एका रात्रीत परत द्यायला तयार होणं, तेही आपल्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान पोराला, ही गोष्ट खोटी नाही. आपल्याकडच्या किती घराण्यांनी आपलं नाव असं पणाला लावलंय? एका मतदारसंघात पडला की दुसरा सुरक्षित मतदारसंघ, तिथं पडला की वरचं सभागृह, तेही नाही जमलं तर महामंडळ. नाव कधी जातच नाही. माझं भावाशी भांडण आहे ते इथंच. पोरानं बापाचं नाव लावलं याची चीड मला येत नाही. नाव लावून ते कधीच न हरण्याची जी सोय केलेली असते, तिची येते.

मेक्सिकोच्या राजकारणातही घराणी आहेत, आणि ती आपल्यासारखीच सुखरूप आहेत. मी या देशाचे गोडवे गायला बसलेलो नाही. आणि नावाचं भांडण रिंगणातही होतं. एल सांतोचा मुलगा एल इखो देल सांतो आणि सांतोचा नातू यांच्यात 'सांतोचा नातू' हे नाव वापरायचं की नाही यावरून कोर्टकज्जा झाला, आणि कोर्टानं काकाच्या बाजूनं निकाल दिला. काका-पुतण्याचं हे प्रकरण मी भावाला सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं फोनवर गप्प होता. महाराष्ट्रात त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

या वारशाची किंमतही सांगितली पाहिजे. वॅग्नर ज्युनिअरचा धाकटा भाऊ सिल्व्हर किंग 11 मे 2019 रोजी लंडनमध्ये लढत चालू असतानाच कोसळला आणि रिंगणातच गेला. एकावन्न वर्षांचा होता. त्याआधी 2015 च्या मार्चमध्ये तिहुआनाला पेर्रो आग्वायोचा मुलगा असाच रिंगणात कोसळून गेला, तोही बापाचंच नाव लावून खेळणारा. वॅग्नरचा बाप मणका मोडून घरी बसलेला, भाऊ रिंगणात गेलेला. आणि भाऊ जाऊन तीन महिने व्हायच्या आत, 3 ऑगस्टला, वॅग्नर पुन्हा ट्रिपलमेनियात उभा. मुखवटा नव्हताच, या वेळी पणाला डोक्यावरचे केस. समोर ब्ल्यू डेमन ज्युनिअर, मूळच्या ब्ल्यू डेमनचा दत्तक मुलगा. रक्ताच्या वारसाचं डोकं दत्तक वारसासमोर भादरलं गेलं. बघवत नव्हतं. त्या रात्री मला वाटलं, पुरे. कुणाच्याही बापाचं नाव एवढं महाग असू नये. आपल्याकडं निदान म्हाताऱ्या पैलवानांना सरकारी मानधन आहे, कितीही तुटपुंजं असलं आणि कितीही उशिरा आलं तरी.

आता भावाला जे खरं सांगायचंय ते. याचं उत्तर शोधायला मेक्सिकोला यायची गरजच नाही. ते आपल्या मातीत आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पैलवानाच्या पोराला बापाच्या नावावर जोड चांगली मिळते, खुराक मिळतो, वस्ताद दोन डाव जास्त शिकवतो. निकाल मिळत नाही. हौद्यात उतरल्यावर समोर धनगराचा पोरगा असो की पाटलाचा, पाठ लागली की लागली. खाशाबा जाधवांचे वडील गोळेश्वरचे पैलवान होते. पण 1952 ला हेलसिंकीचं कांस्यपदक त्यांना वडिलांमुळं मिळालं नाही. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले तेव्हा ते तिथवर पोचले, आणि पुढचं त्यांनी मॅटवर मिळवलं. बापाकडून कला घ्यायची, गावाकडून मदत घ्यायची आणि निकाल मात्र स्वतःच्या पाठीवर. घराण्याचा याहून चांगला नियम मला ठाऊक नाही.

म्हणूनच 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत जे झालं त्यानं मी चार दिवस अस्वस्थ होतो. पाठ लागली की नाही यावरून वाद, पंचाला लाथ, मग अंतिम लढतीतून मैदान सोडणं, दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी. कोण बरोबर होता ते मी इथून, चार इंचांच्या पडद्यावर बघून ठरवणार नाही. पंचाचा निर्णय चुकलाही असेल. चुकलेल्या निर्णयावर दाद मागायची नीट सोय असायलाच हवी, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी हवी. पण ज्या खेळात निकाल विकत मिळत नाही, त्याच खेळात निकाल कबूल करायची रीत मोडत चालली तर उरेल काय? इथल्या माणसांनी ठरलेल्या निकालाला एवढी इभ्रत दिली आहे. आपला तर खरा आहे.

त्या 2017 च्या रात्रीचा तुकडा मी तेव्हाच गावी पाठवला होता. वहिनीनं तो आबांना मोठ्या फोनवर दाखवला. आबांचा सूर तालमीतलाच होता, "ह्यो कसला डाव, नुसत्याच उड्या." अर्ध्यावर फोन बाजूला ठेवायला निघाले होते म्हणे. मग नाडी सोडायचा भाग आला. आबांनी तो दोनदा लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी फोनवर मला विचारलं, "काय म्हणाला रं त्यो, तोंड दाखवल्यावर?"

"नाव सांगितलं, आबा. आणि गाव."

"बापाचं सांगितलं का सवताचं?"

"स्वतःचं."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. 1971 च्या एका जत्रेत आबा हरले होते. हरून घरी आल्यावर आजीनं विचारायच्या आत त्यांनीच उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं की चितपट झालो, आणि मगच पाय धुतले होते, हे मी आजीच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय. आबांनी मला ते स्वतः कधी सांगितलं नाही.

वॅग्नर घराण्यातला थोरला नातू इखो दे डॉक्टर वॅग्नर ज्युनिअर या नावानं खेळतो. जपानमध्ये किताब जिंकून आलाय. धाकटाही आहे. दोघांच्या डोक्यावर पांढरा मुखवटा आहे आणि रखवालदाराच्या टपरीतल्या खिळ्यालाही अजून तो आहेच. परवा आबांशी बोलताना पुन्हा विषय निघाला. आता त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्यानं सांगावं लागतं. मी सांगितलं की त्याची पोरं आता मैदानात आहेत.

"मुखवटा हाय अजून त्यांचा?"

"हाय."

"मग लागू दे की एखाद्या चांगल्याबरोबर," आबा म्हणाले. "कवा हाय ते कळव. जागा राहतो."